खिसेकाकूला पाठ नव्हती

आमचे भावजी बोलत नाहीत. मुके नाहीत हो, पण महिन्यातून एखादं वाक्य टाकतात आणि ते पुरवून पुरवून वापरायची जबाबदारी आपली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, धाकट्या दिराला नवी वहिनी काही पसंत पडलेली दिसत नाही. मी जेवायला हाका मारायची आणि भावजी मिठाची गुळणी धरल्यासारखे येऊन ताटावर बसायचे. शेवटी एका सकाळी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर एक कागद डकवलेला दिसला. कागदावर एक बाई. एक हात कमरेवर, नाक वर, डोक्याच्या एका अंगाला अंबाडा आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. शेजारी साखरेची रिकामी बरणी. बाईच्या तोंडातून बोलण्याचा फुगा निघाला होता आणि फुगा कोरा होता.

साखर संपलीय हे मला कळलं. फुग्यात काय लिहावं ते भावजींना सुचलेलं नाही, हेही कळलं. मी ओल्या हातानेच पेन्सिल घेतली आणि फुगा भरून टाकला: "साखर मीच आणायची का? बाकीचे काय पाहुणे आलेत?" संध्याकाळी साखर आली. दुसऱ्या दिवशी कपाटावर नवा कागद आला, त्यातही कोरा फुगा. अशी आमची खिसेकाकू जन्माला आली. बारसं वगैरे काही नाही, थेट भांडायलाच लागली.

पुढे ती एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर गेली आणि तिथेच मुक्काम ठोकून राहिली. तिला आम्ही एक लाँड्री काढून दिली. धुण्याआधी ती गिऱ्हाइकांचे खिसे उलटे करते. खिशात निघतं एखादं बसचं तिकीट, तुटकं बटण, अर्धी फाटलेली चिठ्ठी. त्यावरून कोण कुठे काय उद्योग करतोय ते काकू ओळखते आणि कपडे परत देताना, चारचौघांत, त्याच्या तोंडावर सांगते. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण इस्त्री फक्कड असते. लोक शेवटचं पान आधी वाचायचे आणि मग पहिल्या पानावरच्या बातम्यांत कोणाचे खिसे उलटे करावेत याचा विचार करायचे.

आमची काम करायची पद्धत मात्र जगाच्या उलटी. बाकीचे चित्रकथावाले आधी चित्र काढतात आणि उरलेल्या कोपऱ्यात बोलणं कोंबतात. आमच्याकडे मी आधी चौकटीत फुगे घालायची, टाकाने, शाईत, कारण अक्षर माझं बरं आणि बोलणं माझं लांब. फुगा मांडी घालून बसला की मग जी काय जागा उरेल तिच्यात भावजी काकूला बसवायचे. बिचाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदा फक्त सगळी चौकट फुग्याने भरली होती, तेव्हा त्यांनी खाली कोपऱ्यात काकूचा नुसता अंगठा काढला.

गल्ली म्हणते, खिसेकाकू म्हणजे मीच. मी म्हणते, माझं नाक असं नाही. आमचे हे नळदुरुस्तीची कामं करतात, दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत डोकं घालून असतात, त्यामुळे त्यांना कोणी मत विचारत नाही, तरी देतात. "नाक नसेल तुझं," हे म्हणतात, "पण कमरेवरचा हात तुझाच. मी रोज बघतो." भावजींना विचारलं तर ते पेन्सिलीला टोक काढत बसतात.

तर अशा या घरात सिनेमा आला, आणि तो आणला कुत्रेवाल्याने.

कुत्रेवाला म्हणजे त्याच साप्ताहिकात आतल्या पानावर लंगड्या कुत्र्याची चित्रं काढणारा. आमच्या बरोबरीचाच, एके काळी निब उसनी न्यायला यायचा आणि चहा पिऊन जायचा. त्याच्या कुत्र्यावर सिनेमा निघाला आणि तो कानामागून येऊन तिखट झाला. कुत्रा आधी पडद्यावर गेला, मग दप्तरांवर, मग पावडरच्या डब्यांवर, मग पोरांच्या चड्ड्यांवर. कुत्रेवाल्याने बंगला बांधला आणि फाटकाला कुत्र्याचं तोंड बसवलं. दूधवाला सांगतो, कडी कुत्र्याच्या नाकात आहे.

तोच एक दिवस लांबलचक गाडीतून आमच्या दारात उतरला. खुर्चीत नीट बसला, पूर्वी पाय वर घेऊन बसायचा. "तुमच्या काकूबद्दल कंपनीत बोलून ठेवलंय," म्हणाला. "ते लोक येतील. उगाच तत्त्वं काढू नका. सही करा आणि सुखी व्हा."

आमचे हे लगेच सुखी दिसायला लागले. लाडात येऊन म्हणाले, "अहो, मग एक कुत्रा काढा की आमच्या कपाटावर. आठवण राहील."

कुत्रेवाल्याने खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं, कागद पुढे ओढला, आणि थांबला. मग टोपण परत लावलं. "नाही हो," तो म्हणाला. "आता मला काढता येत नाही तो. कंपनीची परवानगी लागते. सही देऊ का?" आणि कोऱ्या कागदावर नुसती सही देऊन गेला. भावजी तो कागद बराच वेळ बघत होते. मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा दप्तरं नाचत होती.

कंपनीने आधी एक मुलगी पाठवली. ती संगणकात बाहुल्या करते. म्हणजे कागदावरचं माणूस आत घालते, गोल करते, चालवते. गुणी पोरगी, पण आल्या आल्या तिने आमच्या घरात आग लावली. म्हणाली, "काका, मला काकूची चार चित्रं हवीत. समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि पाठीमागून."

भावजींनी समोरून काढलं. डावीकडून काढलं. उजवीकडून काढलं. मुलीने तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, अंबाडा नक्की कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या," आमचे हे म्हणाले.

"काहीतरीच काय, डाव्या," मी म्हटलं. "मी इतकी वर्षं बघतेय."

शेजारच्या शिंपीणबाई बटण लावून द्यायला आल्या होत्या, त्या शपथेवर मधोमध म्हणाल्या. मग आम्ही माळ्यावरचे जुने अंक काढले, धूळ झटकली, आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काकू डावीकडे बघत असली की अंबाडा उजवीकडे. उजवीकडे बघत असली की डावीकडे. एकाच पानावर वरच्या चौकटीत इकडे आणि खालच्या चौकटीत तिकडे. आमच्या बाईचा अंबाडा इतकी वर्षं डोक्यावरून इकडून तिकडे पळत होता आणि एकाही वाचकाने हू की चू केलं नव्हतं.

"असं कसं झालं?" मुलीने विचारलं.

भावजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. वा! मग त्यांनी पेन्सिलीने फुग्यावर टिचकी मारली, अंबाड्यावर मारली, परत फुग्यावर मारली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फुगा ज्या बाजूला घालायची, त्याच्या विरुद्ध बाजूला अंबाडा. नाहीतर पेन्सिलीचं टोक फुग्यात घुसलं असतं. ह्या माणसाने माझ्या बोलण्याला टोचू नये म्हणून बाईचं डोकं फिरवलं होतं!

"बरं," मुलगी म्हणाली. हुशार होती, घाबरली नाही. "मग ती बोलत नसेल तेव्हा अंबाडा कुठे असतो?"

मी भावजींकडे बघितलं, भावजींनी माझ्याकडे. मग आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बोलत नसेल तेव्हा!" हे म्हणत होते. "पोरी, ह्या घरात येऊन हे विचारतेस?"

अंबाड्याचं तिने काहीतरी जमवलं. पण पाठ काही जमेना. भावजींनी काकूची पाठ कधी काढलीच नव्हती. जी बाई सतत समोरच्याशी भांडतेय ती पाठ कशाला दाखवेल? ते काढायचे आणि खोडायचे. दोन दिवस मी भांडी घासत असताना माझ्या मानेवर कोणाची तरी नजर टोचत राहिली. तिसऱ्यांदा मी वळले. "काय भावजी, उवा दिसल्या का?" ते लाजून आत गेले. पाठ कोरीच राहिली.

मुलगी जायला निघाली तेव्हा तिने शेवटचं विचारलं, "काका, ती चालते कशी?"

भावजींनी पेन्सिल खाली ठेवली. "तेच बघायचंय मला," ते म्हणाले. "इतकी वर्षं ती उभीच आहे. एकदा चालताना दिसावी."

मला त्या दिवशी कळलं, की ह्या माणसाला दप्तरं नकोत, चड्ड्या नकोत, बंगला नको. याला फक्त तिला चालताना बघायचंय. मी आणि आमचे हे मात्र मनातल्या मनात तीन खोल्या बांधून मोकळे झालो होतो.

मग करारवाला आला. कंपनीचा माणूस, गुळगुळीत, खुर्चीवर रुमाल पसरून बसणारा. त्याने आकडा सांगितला तेव्हा ह्यांच्या हातातला पाना खाली पडला आणि तो उचलायला कोणी वाकलं नाही. सिनेमा, दप्तरं, खेळणी, सगळ्यात वाटा. साप्ताहिकाच्या मालकाने हक्क कधीच भावजींच्या नावावर लिहून दिले होते, त्या शेवटच्या पानाचं काही मोल असेल असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं, त्यामुळे मध्ये कोणी नव्हतं. भावजींनी पेन हातात घेतलं. वाचायचा त्यांना कंटाळा, म्हणून मी मोठ्याने वाचत होते, आणि एका ओळीवर माझी जीभ अडली. लिहिलं होतं, की यापुढे मूळ चित्रकाराने हे पात्र कुठेही, कशासाठीही काढायचं नाही.

"कुठेही म्हणजे?" मी विचारलं.

"कुठेही," करारवाला म्हणाला. "नेहमीचंच कलम आहे ताई. सगळे सह्या करतात."

"कपाटावर?" भावजींनी विचारलं.

करारवाला हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनोदी आहे. मग त्याने आमच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "कपाटावरही नाहीच म्हणा ना, कायद्याने बघायला गेलं तर."

भावजींनी पेन खाली ठेवलं. "आठ दिवस द्या," म्हणाले.

आता खरं सांगायचं तर मी चिडले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, आणि हा आंधळा म्हणतो मला आठ दिवस विचार करू दे! मी त्यांना म्हटलं, "भावजी, साठी जवळ आली. डोळ्यांना कमी दिसतं. अजून किती वर्षं काढणार आहात तिला? घ्या की एकदा बघून चालताना, आणि बसा आरामात." त्यांनी मान डोलावली. आणि त्यांनी काय करावं? सही करायच्या आधी त्यांनी रंगीत तालीम सुरू केली. आठ दिवस काकूला काढायचं नाही. जमतंय का बघायचं. साप्ताहिकाला कळवलं, या वेळी शेवटचं पान दुसऱ्या कोणाला द्या.

पहिल्या दिवशी, कोणाचा नळ गळतोय त्याची, त्यांनी कपाटावर शब्दांत चिठ्ठी लावली. भावजींचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून उठली आणि घरी गेली. त्या चिठ्ठीवरून आमच्या ह्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन चांगला चालणारा नळ खोलून ठेवला, आणि जिथे खरोखर गळत होतं त्या शिंपीणबाईंची शिलाई मशीन भिजली. त्या भांडायला आल्या. एरवी अशा प्रसंगी कपाटावर काकू असायची, तिच्या फुग्यात मी दोन शब्द लिहायची आणि भांडण हसण्यावारी जायचं. आता आम्हालाच भांडावं लागलं.

भावजी रिकामे बसले नाहीत. चहाची किटली काढायला घेतली. किटलीच्या कानाचा कमरेवर ठेवलेला हात झाला. फाडली. मांजर काढलं, त्याने नाक वर केलं. फाडलं. मग ते नुसती बोटाने टेबलावर रेघ ओढायचे आणि तळव्याने पुसायचे, जसं काही कोणी बघतंय. जेवण निम्म्यावर आलं. हाक मारली तर यायचे, बसायचे, उठायचे. माझ्या लग्नानंतरच्या त्या पहिल्या दिवसांसारखे.

आणि मला काय झालं ते सांगते. मला करमेना. टाक कोरडा पडला होता. सकाळपासून माझ्याकडे बोलणं साठायचं आणि त्याला फुगा नव्हता. मग ते सगळं आमच्या ह्यांच्यावर जायचं. पाचव्या दिवशी हे जोडे घालता घालता म्हणाले, "हे बघ, बंगला गेला उडत. त्याला काकू काढू दे. मला ह्या घरात जिवंत राहायचंय."

मग मीच पदर खोचला, आणि भावजींना घेऊन कंपनीत गेले.

काचेची खोली. टेबल एवढं मोठं, की पलीकडच्या माणसाशी भांडायचं तर ओरडावं लागावं. मी ओरडले. म्हटलं, "सिनेमा घ्या, दप्तरं घ्या, चड्ड्या घ्या. पण त्यांच्या हातातून टाक काढून घ्यायचा नाही. हा माणूस तिला काढल्याशिवाय जेवत नाही."

करारवाल्याने खुर्ची गोल फिरवली, विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाला, "एक मार्ग आहे. मूळ चित्रकार म्हणून नाव कुठेही जाहीर करायचं नाही. सिनेमात नाही, खेळण्यांवर नाही. पात्र कंपनीचं, कंपनीच्या नावाने. मग ते घरी आणि त्या साप्ताहिकात काय काढतात याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. त्याबाहेर विकायचं मात्र काही नाही. वाट्याचे पैसे आहेत तेच."

"म्हणजे नाव तुमचं?"

"दोन्ही नाही सोडता येत ताई. नाहीतर राहू द्या. आमच्याकडे अजून तीन काकू आलेल्या आहेत."

तीन काकू! मी अशी काही तोंड उघडणार होते की काचा तडकल्या असत्या. मला नावही हवं होतं आणि टाकही. शेंडी तुटो की पारंबी, असं ठरवूनच आले होते. तेवढ्यात भावजींनी कागद ओढला, ते कलम खोडलं, समासात नवं लिहून घ्यायला करारवाल्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "नाव घ्या."

टेबलाखाली मी त्यांचा पाय तुडवला. त्यांनी सही केली. सही करताना माझा पाय त्यांच्या पायावरच होता.

लिफ्टमध्ये मी फुटले. "इतकी वर्षं राबलात! कुत्रेवाल्याचं नाव चड्डीवर आहे आणि तुमचं कुठेच नाही! उद्या लोक म्हणतील, ह्या कंपनीने काकू काढली. चालेल तुम्हाला?"

भावजी आकडे खाली येताना बघत होते. "मला सगळे भावजीच म्हणतात, वहिनी," ते म्हणाले. "ते थोडंच त्यांना नेता येतं?" खाली उतरल्यावर त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून शाईची बाटली घेतली. घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवले.

सिनेमा व्हायला बराच काळ गेला. अधूनमधून भावजींना कंपनीतून बोलावणं यायचं. कशाला जाता म्हटलं तर टोक काढायला लागायचे. पैसे आले, बऱ्यापैकी आले. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या घरातला गळका नळ बदलला. गावभर नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरात तो माझ्या लग्नापासून ठिबकत होता. कुत्रेवाला एकदा येऊन गेला. कपाटावर ताजी काकू बघितली आणि चहा न पिता उठला. मला त्याची कीव आली, हे मी त्याच्या फाटकाला सांगितलं तरी चालेल.

पहिल्या खेळाला आम्ही सगळी गल्ली घेऊन गेलो. पास मागच्या रांगेचे, म्हणजे कंपनीने आमची लायकी ओळखलेली. दिवे गेले. नावं सुरू झाली. नावं, नावं, नावं. गाडी चालवणाऱ्याचं नाव, चहा देणाऱ्याचं नाव, कोणा एकाच्या मांजराचे आभार. मग मोठ्या अक्षरात: खिसेकाकू, एक निर्मिती, आणि खाली कंपनी. भावजी नाहीत. शिंपीणबाई अंधारात म्हणाल्या, "अगं बाई, राहिलं की!" आणि आपली गल्ली म्हणजे काय, दोघातिघांनी हाळीच दिली, "भावजी कुठायत?" मला रडूच कोसळलं. हे म्हणाले, "गप, बघ." मी भावजींकडे बघितलं. ते पुढे वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांनी नावं वाचलीच नव्हती. ते थांबले होते.

पडद्यावर लाँड्री आली. काउंटरमागे काकू. कमरेवर हात, नाक वर. एका बड्या असामीच्या कोटाच्या खिशातून तिने काहीतरी काढलं आणि त्याला असं काही सुनावलं, की थिएटर हसलं. वाक्य माझं होतं, आवाज भलत्याच कोणा नटीचा. ठीक आहे. मग तो माणूस हुज्जत घालायला लागला. काकूने कोट काउंटरवर आपटला, गर्रकन वळली आणि आतल्या खोलीकडे चालू लागली.

पाठ! पहिल्यांदा पाठ दिसली. डावा खांदा जरा वर, दोन्ही कोपरं बाहेर, टाचा आपटत, आणि दारापाशी जाऊन क्षणभर थबकणं, मागून कोणी काही बोलतंय का ते ऐकायला.

आमची सगळी गल्ली एकदम फुटली. बाकीच्या लोकांना कळेना यात एवढं हसण्यासारखं काय आहे. शिंपीणबाई माझ्या मांडीवर थापा मारत होत्या. हे रुमाल तोंडात कोंबून हुंदके दिल्यासारखे हसत होते. ती माझी चाल होती. दारापाशी थबकणंसुद्धा माझं. मी अशी थबकते हे मलाच माहीत नव्हतं.

"हे कोणी केलं?" मी विचारलं, बहुधा जरा मोठ्याने.

आमच्या पुढच्याच रांगेतून ती बाहुलीवाली मुलगी मागे वळली. "काकांनी," ती कुजबुजली. "काढता येईना म्हणाले. मग ऑफिसात चालून दाखवलं. सगळ्यांसमोर. नीट जमेपर्यंत."

साठीचा माणूस. आयुष्यात चारचौघांत तोंड न उघडणारा. त्या काचेच्या खोलीत, त्या गुळगुळीत लोकांपुढे, कोपरं बाहेर काढून, टाचा आपटत, वहिनी चिडून स्वयंपाकघरात जाते तसा चालला होता. मला हसावं की त्यांच्या पाठीत धपाटा घालावा ते कळेना. दोन्ही केलं. त्यांना धपाटा लागलाही नसावा. त्यांचे डोळे पडद्यावर होते, आणि ते भरले होते.

बाहेर आल्यावर लोक कंपनीच्या माणसांभोवती हार घेऊन गर्दी करत होते. आम्हाला कोणी विचारलं नाही. रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. मी म्हटलं, "काय भावजी, दिसली ना चालताना? झालं समाधान?"

"दिसली," ते म्हणाले. मला वाटलं, संपलं आता महिन्याचं वाक्य. पण ते पुढे म्हणाले, "त्यांची चालते बरी. पण आपली जास्त बोलते."

आपली! मी नावासाठी एवढी भांडले ती त्यांच्या एकट्याच्या नावासाठी. पानावर सही त्यांची असायची आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मी आपली घरची, फुगे भरणारी. माझंही काही घेतलं जातंय, असं त्या काचेच्या खोलीत माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. ह्या माणसाच्या ते पहिल्यापासून डोक्यात होतं, आणि त्याने ते रस्त्याच्या कडेला, रिक्षाला हात करता करता, एका शब्दात सांगून टाकलं. मी पर्स उगाच उघडली आणि बंद केली.

रिक्षा थांबली. भावजींनी मला आधी बसू दिलं, मग स्वतः बसले आणि विचारलं, "उद्याच्या पानावर फुगा कुठे घालताय?"

"डावीकडे," मी म्हटलं. "मोठा आहे. सरकून घ्या."